शनिवारच्या सामन्यासाठी : म्युनिक, ६ फेब्रुवारी १९५८

इंग्लिश फर्स्ट डिव्हिजनचा १९५७-५८च्या मोसमाचा अंतिम गुणतक्ता काढून बघा. बावीस संघ, प्रत्येकी ४२ सामने. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. सर्वांत वर वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स, म्हणजे वुल्व्ज, ६४ गुणांसह. खाली येत येत नवव्या ओळीवर मँचेस्टर युनायटेड भेटतं. १६ विजय, ११ बरोबरी, १५ पराभव, गुण ४३.

आधीची सलग दोन वर्षं हाच संघ विजेता होता. मग एकदम नववा कसा? कारण त्या एका ओळीत दोन संघ आहेत. पहिल्या २८ सामन्यांत ३६ गुण मिळवले ते एका संघाने. उरलेल्या १४ सामन्यांत फक्त एक विजय आणि पाच बरोबऱ्या, म्हणजे सात गुण, मिळवले ते दुसऱ्याच संघाने. नाव तेच, जर्सी तीच, माणसं वेगळी. या दोन संघांच्या मध्ये एक गुरुवार आहे. त्या गुरुवारचा, आणि त्याच्याकडे घेऊन जाणाऱ्या दिवसांचा हा घटनाक्रम. गुरुवारच्या वेळा ग्रिनिच प्रमाणवेळेनुसार आहेत. म्युनिकची घड्याळं तेव्हा एक तास पुढे होती.

त्याआधीची ऐंशी वर्षं

१८७८ मध्ये मँचेस्टरच्या न्यूटन हीथ भागातल्या रेल्वे कामगारांनी एक संघ उभा केला. कर्जात बुडालेला हा क्लब १९०२ मध्ये नव्या मालकांच्या आधाराने वाचला आणि मँचेस्टर युनायटेड झाला. १९४५ मध्ये मॅट बस्बी व्यवस्थापक म्हणून आले, तेव्हा बाँबहल्ल्यात ओल्ड ट्रॅफर्डचं मैदान उद्ध्वस्त झालं होतं. क्लबला घरचे सामनेसुद्धा शेजारच्या मँचेस्टर सिटीच्या मैदानावर खेळावे लागत होते.

मोठमोठ्या किमतीला खेळाडू विकत घेण्यापेक्षा शाळकरी वयाची पोरं हेरायची आणि त्यांना घरीच वाढवायचं, हा बस्बींचा मार्ग होता. त्यांचे सहायक जिमी मर्फी या पोरांकडून मैदानावर घाम गाळून घेत. वर्तमानपत्रांनी त्यांचं नाव ठेवलं ‘बस्बी बेब्स’. या पोरांनी १९५६ आणि १९५७ मध्ये लीग जिंकली. त्याआधी सलग तीन विजेतेपदं फक्त हडर्सफील्ड आणि आर्सेनल या दोनच क्लबांनी मिळवली होती. युनायटेडला तिसरा क्लब व्हायचं होतं.

आणखीही एक गोष्ट त्यांना हवी होती. १९५५ मध्ये युरोपियन कप सुरू झाला, तेव्हा इंग्लंडचा विजेता संघ चेल्सी होता. लीगच्या कारभाऱ्यांनी चेल्सीला त्या स्पर्धेपासून दूर राहायला लावलं, कारण घरच्या वेळापत्रकाचा घोळ होईल ही भीती. पुढच्या वर्षी बस्बींनी विरोध पत्करून युनायटेडला युरोपात नेलं आणि संघाने उपांत्य फेरी गाठली. युरोपातले सामने आठवड्याच्या मधोमध असत आणि शनिवारी लीगचा सामना ठरलेला असे. शनिवारच्या सामन्याच्या चोवीस तास आधी संघ मायदेशी पोचलाच पाहिजे, अशी लीगची अट होती. पुढे घडलेलं सगळं समजून घेताना ही अट विसरून चालत नाही.

डिसेंबर १९५७ : प्रागचा धडा

प्रागमध्ये डुक्ला संघाशी खेळून परतताना इंग्लंडवर धुकं दाटलं आणि ठरलेलं विमान निघालंच नाही. संघ कसाबसा अॅमस्टरडॅमला पोचला, तिथून बोटीने इंग्लंडचा किनारा आणि मग आगगाडीने मँचेस्टर. शिणलेल्या अंगाने शनिवारी बर्मिंगहॅम सिटीशी खेळ झाला तो ३-३ असा बरोबरीत सुटला. पुन्हा अशी धावपळ नको म्हणून पुढच्या दौऱ्यासाठी क्लबने स्वतःसाठी खास विमान ठरवलं. ते ब्रिटिश युरोपियन एअरवेजचं होतं.

निर्णय शहाणपणाचाच होता. पोरांची दमछाक होऊ नये एवढाच त्यामागचा हेतू होता.

शनिवार, १ फेब्रुवारी १९५८ : लंडन

हायबरी मैदानावर आर्सेनलविरुद्ध युनायटेड ५-४ असं जिंकलं. प्रेक्षक त्रेसष्ट हजारांहून अधिक. या संघाचा इंग्लंडच्या भूमीवरचा हा शेवटचा सामना ठरेल हे त्यांच्यापैकी कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. वुल्व्ज सहा गुणांनी पुढे होते आणि चौदा सामने बाकी होते. पुढच्याच शनिवारी, ८ फेब्रुवारीला, तेच वुल्व्ज ओल्ड ट्रॅफर्डवर येणार होते. तो सामना जिंकला तर अंतर चारवर येणार होतं. एवढं अंतर कापायची ताकद या पोरांत होती, हे अवघ्या इंग्लंडला ठाऊक होतं.

सोमवार, ३ फेब्रुवारी : बेलग्रेडकडे

युरोपियन कपच्या उपउपांत्य फेरीतला रेड स्टारविरुद्धचा पहिला सामना युनायटेडने घरी २-१ असा जिंकला होता. परतीच्या सामन्यासाठी संघ बेलग्रेडला निघाला. कर्णधार रॉजर बर्नला दुखापत होती, म्हणून त्याच्या जागी लागला तर असावा यासाठी जेफ बेंटला ऐन वेळी सोबत घेतलं.

जिमी मर्फी मात्र गेले नाहीत. ते वेल्सच्या राष्ट्रीय संघाचेही व्यवस्थापक होते आणि बुधवारी कार्डिफमध्ये वेल्सचा इस्रायलशी विश्वचषक पात्रतेचा सामना होता. एरवी विमानात बस्बींच्या शेजारची जागा मर्फींची असे. या वेळी तिथे प्रशिक्षक बर्ट व्हॉली बसले.

बुधवार, ५ फेब्रुवारी : बेलग्रेड

मध्यंतरापर्यंत युनायटेडचे तीन गोल : एक डेनिस व्हायोलेटचा, दोन वीस वर्षांच्या बॉबी चार्ल्टनचे. उत्तरार्धात रेड स्टारने तिन्ही गोल फेडले. सामना ३-३, दोन्ही सामने मिळून ५-४. युनायटेड पुन्हा एकदा उपांत्य फेरीत. बर्न स्वतः खेळला. बेंटला मैदानावर उतरावं लागलंच नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी, सकाळ : बेलग्रेड

विमान निघायला तासभर उशीर होतो. जॉनी बेरीचा पासपोर्ट कुठेतरी राहिला आहे, तो शोधला जातो. विमानात चव्वेचाळीस माणसं : सहा कर्मचारी आणि अडतीस प्रवासी. प्रवाशांमध्ये खेळाडू सतरा. शिवाय क्लबचे पदाधिकारी, पत्रकार, छायाचित्रकार आणि आणखी काही जण. पत्रकारांमध्ये फ्रँक स्विफ्टही आहे. तो एके काळचा इंग्लंडचा आणि मँचेस्टर सिटीचा नावाजलेला गोलरक्षक. त्याने लेखणी हाती घेतली, ती आता प्रतिस्पर्धी क्लबच्या बातम्या देण्यासाठी.

विमान दोन इंजिनांचं, एअरस्पीड अॅम्बॅसडर जातीचं. कप्तान जेम्स थेन. परतीच्या प्रवासात विमान चालवायचं काम मात्र त्यांचे सहकारी कप्तान केनेथ रेमेंट यांच्याकडे आहे.

दुपारी १.१५ : म्युनिक

बेलग्रेडहून मँचेस्टरपर्यंत एका दमात जाण्याइतकं इंधन या विमानात मावत नाही. म्हणून म्युनिकच्या रीम विमानतळावर थांबा. प्रवासी उतरून पाय मोकळे करतात. धावपट्टीवर बर्फ अर्धवट वितळून त्याचा रेंदा झाला आहे.

२.१९

विमान सज्ज असल्याचं नियंत्रण मनोऱ्याला कळवलं जातं. उड्डाणाची परवानगी मिळते.

पहिला प्रयत्न

रेमेंट इंजिनांना पूर्ण जोर देतात. डाव्या इंजिनाचा दाब दाखवणारा काटा थेन यांना वरखाली होताना दिसतो, आवाजही विचित्र येतो. रेमेंट उड्डाण सोडून देतात.

तीन मिनिटांनी, दुसरा प्रयत्न

चाळीस सेकंदांत हाही सोडावा लागतो. इंजिनात इंधनाचं प्रमाण जास्त होऊन जोर अचानक उसळतो. अॅम्बॅसडर विमानांची ही नेहमीची तक्रार. इथल्यासारख्या उंचावरच्या विमानतळांवर ती अधिक जाणवते.

पावणेतीनच्या आगेमागे : प्रतीक्षागृह

सगळ्यांना खाली उतरवलं जातं. बाहेर बर्फ जोरात पडू लागला आहे. आज काही आपण निघत नाही, असं बहुतेकांना वाटतं. एकवीस वर्षांचा डंकन एडवर्ड्स मँचेस्टरमध्ये ज्यांच्याकडे राहतो त्या घरमालकीणबाईंना तार करतो, की उड्डाणं रद्द झाली आहेत, उद्या येतो. ‘मँचेस्टर ईव्हनिंग क्रॉनिकल’चा आल्फ क्लार्क उशिराची बातमी कळवायला फोनकडे जातो.

तिकडे विमानतळावरचे अभियंता बिल ब्लॅक थेन यांच्याशी बोलत आहेत. थ्रॉटल हळू उघडूनही दोष गेला नाही, तर विमान रात्रभर इथे ठेवून इंजिन नीट जुळवून घ्यावं, असं त्यांचं म्हणणं. थेन यांना वेळापत्रक मोडायचं नाही. थ्रॉटल आणखी सावकाश उघडू, असं ते सुचवतात. तसं केलं तर विमान जमीन सोडायला जास्त अंतर घेईल, पण धावपट्टी जवळपास दोन किलोमीटर आहे. तेवढी पुरेल.

इथे आपण थांबलं पाहिजे, कारण या दुपारी थांबायची खरी संधी याच क्षणी होती. थेन बेफिकीर नव्हते. त्यांच्यासमोर इंजिनाचा दोष होता आणि त्यावर उपाय होता. तो उपाय त्या दोषापुरता बरोबरही होता. धावपट्टीवरच्या रेंद्याचा विमानावर नेमका काय परिणाम होतो, हे त्या काळी वैमानिकांना कोणी नीट शिकवलेलंच नव्हतं. आणि मुक्काम केला असता तर? शुक्रवारी दुपारपर्यंत इंग्लंडला पोचायची लीगची अट, शनिवारी वुल्व्ज, गुणतक्त्यात सहा गुणांचं अंतर. थेन यांना फुटबॉलच्या गुणतक्त्याशी काही देणंघेणं नसेल. पण संघ घरी वेळेत पोचवायचा, याचसाठी तर ते विमान भाड्याने घेतलं होतं.

पंधरा मिनिटांनी

प्रवाशांना परत बोलावणं येतं. इतक्या लवकर बोलावलं म्हणून काही जण चरकतात. टॉमी टेलर आणि डेव्हिड पेग यांना मागे बसायचं असतं. ते जागा बदलून घेतात, आणि त्यांच्या जागी पुढे येतात चार्ल्टन आणि व्हायोलेट. एडवर्ड्स, मार्क जोन्स, एडी कोलमन, फ्रँक स्विफ्ट हेही मागच्या बाजूला सरकतात. मागे बसलेलं जास्त सुरक्षित, अशी समजूत. डोकी मोजली तर एक कमी भरतं. आल्फ क्लार्क अजून आलेला नाही. त्याची वाट पाहिली जाते. तो येतो.

२.५६

विमान हलतं.

२.५९

धावपट्टीच्या तोंडाशी.

३.०२

मनोऱ्याकडून सूचना : उड्डाणाची परवानगी ३ वाजून ४ मिनिटांपर्यंतच. दोघे वैमानिक ठरवतात, जायचं. मात्र काट्यांवर डोळा ठेवायचा.

३.०३

विमान धावू लागल्याचं रेडिओ अधिकारी मनोऱ्याला कळवतो. चाकांखालून रेंदा उडतो आहे. थेन वेगाचे आकडे मोठ्याने सांगत आहेत. ताशी १५७ किलोमीटरला डावं इंजिन पुन्हा उसळतं. थेन थ्रॉटल किंचित मागे घेऊन परत पुढे करतात. इंजिन सावरतं. वेग ताशी २१७ किलोमीटर. या वेगानंतर उड्डाण सोडणं सुरक्षित नसतं. आता फक्त ताशी २२० हवेत, की विमान जमीन सोडेल.

वेगातले ते तीन किलोमीटर मिळत नाहीत. धावपट्टीच्या शेवटच्या भागातला रेंदा तसाच साचून आहे आणि विमान त्यात शिरलं आहे. काटा २१७ वर घुटमळतो, २०७ वर येतो, मग १९४ वर. थांबायला जागा उरलेली नाही आणि उडायला वेग नाही.

३.०४

विमान धावपट्टी ओलांडून कुंपण तोडतं, रस्ता पार करतं. डावा पंख एका घरावर आपटून तुटतो. घरातली आई आणि तिची मुलं पेटत्या घरातून कशीबशी बाहेर पडतात. शेपटीकडचा भाग निखळतो. विमानाची उजवी बाजू एका लाकडी शेडवर जाते. शेडमध्ये टायर आणि इंधनाने भरलेला ट्रक उभा आहे. त्याचा स्फोट होतो.

मागे बसलेल्यांपैकी फार थोडे वाचतात.

त्यानंतरची मिनिटं

थेन छोटी अग्निशामकं घेऊन आगीशी झुंजतात. विमान कधीही भडकेल, सगळ्यांनी पळा, असा पुकारा होतो. गोलरक्षक हॅरी ग्रेग पळत नाही. आत कुठेतरी मूल रडतंय, ते त्याने ऐकलं आहे. तो परत शिरतो, एका लहान मुलीला बाहेर काढतो, मग तिच्या गरोदर आईला. चार्ल्टन आणि व्हायोलेट यांना कंबरेला धरून ओढत दूर नेतो. बस्बी जमिनीवर पडले आहेत, छाती चेचली आहे. सर्वांत शेवटी, काही तासांनी, सापडतो केनी मॉर्गन्स. जिवंत.

संध्याकाळ : मँचेस्टर

जिमी मर्फी कार्डिफहून ओल्ड ट्रॅफर्डला पोचतात. वेल्सने इस्रायलला २-० असं हरवलं आहे, माणूस खुशीत आहे. बस्बींची सचिव अल्मा जॉर्ज त्यांना गाठून सांगते. पहिल्यांदा त्यांना ते कळतच नाही, तिला पुन्हा सांगावं लागतं. मर्फी आपल्या खोलीत जाऊन रडतात. मग बाहेर येऊन फोन उचलतात, कारण आता क्लबमध्ये निर्णय घेणारा तो एकच माणूस उरलेला आहे.

हिशेब

चव्वेचाळीसपैकी वीस जण जागीच गेले. आणखी तिघे पुढे दगावले. खेळाडू : जेफ बेंट, रॉजर बर्न, एडी कोलमन, मार्क जोन्स, डेव्हिड पेग, टॉमी टेलर, बिली व्हेलन आणि डंकन एडवर्ड्स. क्लबचे सचिव वॉल्टर क्रिकमर, प्रशिक्षक टॉम करी आणि मर्फींच्या जागी बसलेले बर्ट व्हॉली. आठ पत्रकार, त्यांत फ्रँक स्विफ्ट आणि ज्याची वाट पाहिली तो आल्फ क्लार्क. आणखी दोन प्रवासी, एक विमानसेवक. आणि केनेथ रेमेंट, काही आठवड्यांनी, रुग्णालयात.

रॉजर बर्नला त्या शनिवारी, ८ फेब्रुवारीला, एकोणतिसावं वर्ष पूर्ण होणार होतं. जेफ बेंट या दौऱ्यात एकही मिनिट न खेळता गेला. जॉनी बेरी आणि जॅकी ब्लँचफ्लॉवर वाचले, पण पुन्हा कधी खेळू शकले नाहीत. डंकन एडवर्ड्स म्युनिकच्या रुग्णालयात पंधरा दिवस मृत्यूशी झगडला आणि २१ फेब्रुवारीला गेला. इंग्लंडने पाहिलेला सर्वांत परिपूर्ण खेळाडू, असं त्याच्याबरोबर खेळलेले लोक शेवटपर्यंत सांगत राहिले.

तेरा दिवसांनी : १९ फेब्रुवारी

ओल्ड ट्रॅफर्डवर एफए कपचा सामना, प्रतिस्पर्धी शेफील्ड वेन्सडे. सामन्याच्या पुस्तिकेत युनायटेडच्या अकरा खेळाडूंच्या जागा कोऱ्या सोडल्या होत्या, कारण छापायला जाईपर्यंत संघच ठरला नव्हता. म्युनिकमधून वाचलेले हॅरी ग्रेग आणि बिल फोक्स खेळले. बाकी राखीव पोरं आणि घाईने मिळवलेले दोन खेळाडू. मर्फींचा हा संघ ३-० असा जिंकला. पुढे तो वेम्बलीच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि बोल्टनकडून २-० हरला.

बस्बी ७१ दिवसांनी मँचेस्टरला परतले. दहा वर्षांनी, मे १९६८ मध्ये, त्यांच्या संघाने बेन्फिकाला ४-१ हरवून युरोपियन कप इंग्लंडमध्ये पहिल्यांदा आणला. त्या अकरांमध्ये म्युनिकमधले दोघे होते : फोक्स आणि चार्ल्टन. चार्ल्टनने दोन गोल केले.

जेम्स थेन यांच्या वाट्याला मात्र असा सुखाचा दिवस फार उशिरा आला. जर्मन चौकशीने दोष पंखांवरच्या बर्फावर, म्हणजे तो न काढणाऱ्या कप्तानावर ठेवला. त्यांची नोकरी गेली. अपघाताचं कारण धावपट्टीवरचा रेंदा होता, कप्तान नव्हता, हे ब्रिटिश चौकशीने मान्य केलं तेव्हा १९६९ उजाडलं होतं. १९७५ मध्ये ते वारले. मोठ्या अपघातानंतर एक माणूस दोषी ठरवून फाइल बंद करणं सोयीचं असतं. रेंद्याला कोर्टात उभं करता येत नाही, वेळापत्रकालाही नाही.

म्हणून या घटनाक्रमाकडे पुन्हा पुन्हा बघावं. हरवलेला पासपोर्ट, बर्नची दुखापत, प्रागहून परततानाचं धुकं, बदललेल्या जागा. यांतलं काहीच गुन्हा नव्हतं. जो तो आपलं काम नीट करत होता आणि जो तो वेळेला बांधलेला होता. अशा वेळी ‘आज मुक्काम करू’ असं म्हणणाऱ्याच्या पाठीशी नियम उभा असायला हवा. त्या दिवशी नियम त्याच्या विरुद्ध उभा होता. आज खेळाडूंचे दौरे आखणाऱ्या, शाळेच्या सहली काढणाऱ्या, रात्रीच्या बस सोडणाऱ्या प्रत्येकाने आपल्या वेळापत्रकात ही एक ओळ आधीच लिहून ठेवावी : शंका आली तर थांबायचं, आणि थांबणाऱ्याला कोणी जाब विचारायचा नाही.

ज्या सामन्यासाठी घरी पोचायची घाई होती, तो ८ फेब्रुवारीचा वुल्व्जविरुद्धचा सामना पुढे ढकलण्यात आला. तो २१ एप्रिलला झाला.